भिंतीला पैसे मिळतात, पगाराला का मिळत नाहीत?

कोकणात कुठल्याही तालुक्यात जा, एखादा तरी असा हॉल दिसेलच. बाहेर संगमरवरी पाटी, पाटीवर देणगीदाराचं नाव, उद्घाटनाची तारीख, आणि दाराला कुलूप. चौकशी केलीत तर कळतं की इथे दिव्यांग मुलांचं केंद्र होणार होतं, नाहीतर अभ्यासिका, नाहीतर बालवाडी. बांधकामाला पैसे मिळाले, खुर्च्या मिळाल्या, कुठल्यातरी कंपनीने मोठा टीव्ही पण दिला, पण तिथे रोज येऊन काम करणारं माणूस ठेवायला कोणी पैसे दिले नाहीत, त्यामुळे आता तो हॉल गावात लग्न असलं की भांडी आणि सतरंज्या ठेवायला उघडतात.

"आपल्याकडे निधीच येत नाही हो" हे मी इतक्यांदा ऐकते की आता त्याला उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं. निधी येतो. भिंतीला येतो, यंत्राला येतो, एक दिवसाच्या शिबिराला येतो. पगाराला येत नाही, गाडीच्या डिझेलला येत नाही, आणि एकच काम सलग तीन-चार वर्षं करत राहायला तर अजिबात येत नाही. आणि आपल्यासारख्या वाड्या-वाड्यांत विखुरलेल्या मुलखात दिव्यांगांचं काम काय किंवा शिक्षणाचं काम काय, ते म्हणजे जवळजवळ सगळं माणसाचा पगार आणि प्रवासच. यात देणाऱ्यांचं चुकतं तेवढंच मागणाऱ्यांचंही चुकतं असं माझं मत आहे, आणि सुरुवात मागणाऱ्यांनी करायला हवी, कारण चुकीची गोष्ट मागत राहिलो तर चुकीचीच गोष्ट मिळत राहणार.

मी लहान संस्थांना प्रस्ताव लिहायला मदत करते, त्यामुळे फिरणं होतं. दापोलीच्या बाजूला एका वाडीत एक मुलगा आहे, सात-आठ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातपाय नीट हलवता येत नाहीत. घर खाली, रस्ता वर, मधे जांभ्या दगडाची पाखाडी, पायऱ्या उंच-सखल, पावसात शेवाळ धरतं. शिबिरात त्याला व्हीलचेअर मिळाली, फोटो पण निघाला. ती खुर्ची आज पडवीत आहे, तिच्यावर नारळाची सोडणं रचून ठेवलीत. त्याची आई म्हणाली, "खुर्ची चांगलीच आहे ओ ताई, पण ती वर चढवणार कोण? मी ह्याला घेऊ का खुर्ची घेऊ?" पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी, दिला होता तो पण आता आखूड झालाय, मुलगा वाढला, कॅलिपर थोडाच वाढणार, आणि तो बदलून घ्यायला कुठे जायचं, कोणाला विचारायचं हे तिला कोणी सांगितलेलं नाही. या मुलाला हवं काय तर आठवड्यातून एकदा घरी येणारी थेरपिस्ट, जी आईला व्यायाम शिकवेल, पाय आखडतोय का बघेल, कॅलिपर कधी लहान झाला ते वेळेत सांगेल. आणि पाखाडीला एका बाजूने लोखंडी बार. बस, एवढंच. पण या दोन्ही गोष्टींवर पाटी लावता येत नाही.

आता हाच मुलगा प्रस्तावात कसा दिसतो ते बघा. कंपनीच्या ऑफिसात पहिला प्रश्न असतो "बेनिफिशरी किती?" म्हणजे लाभार्थी किती, आणि दुसरा लगेच "पर हेड खर्च किती?" पुण्याच्या एखाद्या वस्तीत एक विशेष शिक्षिका एका खोलीत तीस मुलं बघू शकते, मुलं चालत येतात किंवा रिक्षाने येतात. इकडे तीस मुलं गोळा करायची तर अर्धा तालुका पालथा घालावा लागतो. २०११ च्या जनगणनेत देशात दिव्यांगांचं प्रमाण २.२१ टक्के आलं होतं. ८०० वस्तीचं गाव धरलं तर १७-१८ माणसं, त्यात डोळे गेलेले म्हातारे पण आले, अपघातात पाय गेलेले पण आले, थेरपी लागणारी मुलं त्यातली दोन नाहीतर तीन, आणि ती पण वेगवेगळ्या वाड्यांत, मधे व्हाळ, मधे डोंगर. त्यात आपली लोकसंख्याच कमी होतेय. रत्नागिरी जिल्हा २००१ ला १६,९६,७७७ होता तो २०११ ला १६,१५,०६९ झाला, सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. सगळा महाराष्ट्र वाढत असताना आपण घटलो. म्हणजे डोकी मोजून पैसे देणाऱ्या कुठल्याही हिशोबात आपण दरवर्षी आणखी खालीच जाणार.

शाळांचं तेच. पटावर अनुदान ठरतं, पटावर शिक्षक ठरतात, आणि २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला तेव्हा सगळ्यात जास्त धसका कोकणाने घेतला, कारण आमच्याकडे शाळा लहान आहेत त्या कोणाच्या आळसामुळे नाहीत, वाड्याच तशा आहेत. सहा वर्षांचं पोर पावसाळ्यात साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, ओलांडून तीन किलोमीटरवर जाणार नाही, आणि पायाने अधू असेल तर मुळीच नाही.

हे सगळं कंपनीच्या माणसाला पटवता येतं का? येतं. पण त्यासाठी आपला खर्च खरा लिहावा लागतो. आणि इथेच आपण कच खातो.

समजा एका तालुक्यातल्या २८ मुलांसाठी घरोघर जाणारं केंद्र चालवायचंय. आकडे मी उदाहरणादाखल घेतेय, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. विशेष शिक्षिका महिना २० हजार, वर्षाचे २ लाख ४० हजार. थेरपिस्ट आठवड्यातून तीन दिवस, महिना २५ हजार, वर्षाचे ३ लाख. भाड्याची गाडी महिना ३० हजार, मे महिना आणि पावसाचा जोर असलेला एक महिना सोडून दहा महिने, ३ लाख. कॅलिपर, स्प्लिंट, खेळणी, शिकवायचं साहित्य १ लाख. हिशोबनीस आणि ऑडिट ६० हजार. फोन, कागद, झेरॉक्स २० हजार. एकूण १० लाख २० हजार, म्हणजे एका मुलामागे वर्षाला साधारण साडेछत्तीस हजार. हा आकडा बघून संस्थेचे अध्यक्षच घाबरतात. म्हणतात, एवढं कोण देणार, गाडी काढून टाका, थेरपिस्ट महिन्यातून एकदा येईल असं लिहा, शिक्षिकेला मानधन ८ हजार लिहा, गावचीच मुलगी आहे, करेल. आणि मग तोच माणूस २५ लाखांच्या हॉलचा प्रस्ताव मात्र बिनधास्त देतो, त्याला तो आकडा मोठा वाटत नाही!

८ हजारात ती मुलगी वर्षभर करते, दुसऱ्या वर्षी लग्न होतं किंवा चिपळूणला दुकानात जास्त मिळतात म्हणून जाते, आणि मुलाला व्यायाम शिकवायची तिला जी सवय झाली होती, आईशी जे नातं जमलं होतं ते सगळं तिच्याबरोबर जातं. नवीन मुलगी येते, परत पहिल्यापासून. मुलाचे स्नायू तेवढे दिवस थांबत नाहीत हो. आखडले की आखडले, मग बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय पाय सरळ होत नाही. कमी पगार दाखवून आपण प्रस्ताव स्वस्त करतो आणि त्याची किंमत ते पोर देतं.

दुसरी एक मोठी गैरसमजूत आहे ती सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशातल्या, ५ टक्क्यांची. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, २०१४ च्या एप्रिलपासून लागू आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्यात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि हे वाक्य इतकं पसरलंय की बऱ्याच कंपन्यांचे अधिकारी आणि आपले संस्थावाले दोघेही समजतात की पगार ५ टक्क्यांतच बसवायचे. तसं नाहीये. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराच्या खर्चाला आहे. एखाद्या ठराविक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यावर थेट होणारा खर्च त्यात धरायचाच नाही असं नियमात स्पष्ट लिहिलंय. थेरपिस्ट हा प्रकल्पाचा वरखर्च कसा असेल, ती असते म्हणून तर प्रकल्प असतो. तसंच "आम्ही एका वर्षाचंच देतो" हेही कंपनीचं धोरण असतं, कायद्याची अट नाही. नियमांत चालू प्रकल्प म्हणून सोय आहे, सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प घेता येतो आणि न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येतात. हे दोन मुद्दे प्रत्येक संस्थेच्या सेक्रेटरीला तोंडपाठ असायला हवेत, मीटिंगमध्ये शांतपणे सांगायला हवेत. समोरचा अधिकारी बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याला पण वर उत्तर द्यायचं असतं, तुम्ही नियम दाखवलात तर त्यालाही वर दाखवायला काहीतरी मिळतं.

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे ते आपल्या फार कामाचं आहे. कंपनी जिथे काम करते त्या भागाला आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं. लोटे, महाड, रोहा, जयगड, दाभोळ, थळ, कारखाने आणि प्रकल्प काय कमी आहेत आपल्याकडे? देशात सीएसआरचा सगळ्यात जास्त पैसा महाराष्ट्रात खर्च होतो, पण महाराष्ट्र म्हणजे मंडणगड नव्हे. हेड ऑफिस मुंबईत, निर्णय मुंबईत, आणि वसाहतीच्या बाहेर पंचवीस किलोमीटरवर काय आहे हे ठरवणाऱ्याने कधी बघितलेलं नसतं. त्याला एकदा पाखाडी उतरून खाली आणायला हवं. खरंच आणा, पावसात आणा.

इथे कोणीतरी म्हणणारच, की ज्यांनी खाडी नासवली त्यांचे पैसे घ्यायचे का? हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाहीये. दाभोळ खाडीकाठच्या मच्छीमारांची मासे मरण्याची तक्रार किती वर्षांची आहे, आणि त्याच पट्ट्यातल्या शाळेत कंपनीच्या नावाची दप्तरं वाटली जातात तेव्हा माणसाच्या पोटात कालवतं. माझं मत असं की घ्यावेत, पण लेखी करार करून, आणि त्या करारात तक्रार करायचा हक्क सोडल्याचा एक शब्द नसावा. २ टक्के हे कायद्याने द्यायचे पैसे आहेत, ती त्यांची मेहेरबानी नाही, त्यामुळे पैसे घेतले म्हणून प्रदूषण मंडळाकडे जायचं नाही असं काही होत नाही. ज्या संस्थेला हे जमणार नाही असं वाटतं, गप्प बसावं लागेल असं वाटतं, तिने घेऊ नयेत, आणि न घेणाऱ्याला मी कधीच वेडा म्हणणार नाही.

दुसरं म्हणणं, हे सरकारचं काम आहे, संस्थांनी भीक का मागायची. अर्धं बरोबर आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, २१ प्रकारचं अपंगत्व त्यात आलं, ६ ते १८ वयाच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग पण काढला. हक्क कागदावर आहे तो मागत राहायचाच, त्यात सवलत नाही. पण मोर्चा आणि निवेदनं चालू असताना त्या सात वर्षांच्या मुलाचा पाय वाट बघत नाही, म्हणून बाहेरचा निधी लागतो. आणि खरं सांगायचं तर सरकारकडचाही जो पैसा आज, आत्ता, गावात पडलाय तो तरी आपण नीट मागतो का?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, पूर्वी हे ३ टक्के होते. जिल्हा परिषद, नगरपालिका यांनाही तसंच आहे. ६ लाख स्वउत्पन्न असलेल्या ग्रामपंचायतीचे होतात ३० हजार. बऱ्याच ठिकाणी मार्चमध्ये काय होतं तर यादी काढतात आणि प्रत्येकाला हजार-दीड हजार वाटून मोकळे होतात, नाहीतर कुठे एक ब्लँकेट. मी वाटणाऱ्या सरपंचाला दोष देत नाही, ऑडिटला खर्च दाखवायचा असतो आणि पर्याय कोणी समोर ठेवलेला नसतो. पण शेजारच्या दहा ग्रामपंचायतींच्या ग्रामसभांत डिसेंबर-जानेवारीतच हा विषय नेला, आमच्या मुलाच्या घरच्या पाखाडीला बार लावा, आमच्या बाईला जिल्ह्याला अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वैद्यकीय बोर्डासाठी न्यायला गाडी द्या, थेरपिस्टच्या फेरीचा खर्च उचला, असे नाव घेऊन अर्ज दिले, तर त्या पैशातून काहीतरी उभं राहतं. साकव आणि पाखाड्यांना जिल्हा नियोजनातून पैसे येतात, आमदार निधीतून येतात, त्यात कुठली पाखाडी आधी धरायची हे ठरवताना ज्या वाडीत न चालता येणारं माणूस आहे ती आधी, एवढा साधा ठराव का होऊ नये? आणि याचा दुसरा फायदा असा की बाहेरच्या दात्याकडे जाता तेव्हा सांगता येतं, गाव एवढं देतंय, उरलेलं तुम्ही द्या. असं सांगणाऱ्या संस्थेकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

पगार मागायची आपल्याला लाज वाटते याचं मूळ मला वाटतं "सेवा" या कल्पनेत आहे. समाजकार्य फुकट करायचं, पैसे घेतले की ते समाजकार्य नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण आपल्याच दापोलीजवळच्या मुरूडचे अण्णासाहेब (महर्षी) कर्वे बघा. १८९६ ला विधवांसाठी आश्रम काढला, मग पुण्याजवळ हिंगण्याला नेलेल्या त्या आश्रमासाठी वर्षानुवर्षं वर्गणी मागत फिरले, १९१६ ला महिला विद्यापीठ, १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. नाव लावण्यात वाईट काही नाही, द्या की नाव. पण मला त्यांचं त्याहून मोठं वाटतं ते नंतरचं काम, ज्याची आठवण कमी लोक काढतात. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं, ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथे शाळा काढायला. अशा खेड्यातल्या शाळेचा खर्च म्हणजे काय असणार, देवळात नाहीतर कोणाच्या पडवीत वर्ग भरवता येतो, खर्च असतो तो मास्तरच्या पगाराचा. त्यासाठी हा माणूस लहान-लहान वर्गण्या गोळा करत होता. मास्तरला पगार मागायला त्यांना लाज वाटली नाही, आपल्याला कशाला वाटायला पाहिजे.

आता कागदांचं. हा भाग कंटाळवाणा आहे पण पैसा इथेच अडतो, प्रस्तावाच्या भाषेत नाही. कोकणातल्या कितीतरी शिक्षण मंडळांची, ग्रामविकास मंडळांची नोंदणी जुनी, बरीचशी मुंबईत झालेली, गिरणगावातल्या गाववाल्यांनी पै-पैसा जमवून काढलेली. हायस्कूलं उभी राहिली ती त्यांच्यामुळेच. पण धर्मादाय कार्यालयातला पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीचा, उतारा काढून बघितला तर विश्वस्तांच्या नावात निम्मी माणसं वारलेली. नवीन कमिटी आली, निवडणूक झाली, पेढे वाटले, पण विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा बदल अर्ज कोणी केलाच नाही, किंवा केला आणि एका सहीसाठी, एका नोटिशीसाठी पडून राहिला. मग बँकेत सह्या जुळत नाहीत, आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणीची मुदत संपलेली असते, संस्थांच्या नोंदणीच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नंबर नसतो म्हणून सरकारी अनुदानाचं दार बंद, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थेला कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो तो नसतो. वर तीन वर्षांच्या कामाचा रेकॉर्ड लागतो. कंपनीचा फोन येतो फेब्रुवारीत, मार्चअखेर पैसे संपवायचे असतात, दहा दिवसांत कागद द्या म्हणतात, आणि आपल्याकडे सेक्रेटरी विरारला, खजिनदार गावी, ऑडिट रिपोर्ट सीएकडे, शिक्का कोणाकडे कोणालाच माहीत नाही. पैसे दुसऱ्या जिल्ह्यात जातात. त्यात कंपनीचा काय दोष?

परदेशी पैशाचा विचार लहान संस्थांनी सध्या करू नये असं मी सांगते. एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, नोंदणीला तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च लागतो, पैसे आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला ते पैसे पुढे देणं बंद झालं. पूर्वी मोठी संस्था घ्यायची आणि तालुक्यातल्या लहान संस्थेला द्यायची, तो रस्ता गेला. याचा फटका शहरातल्या मोठ्या संस्थांपेक्षा आपल्यासारख्यांना जास्त बसला.

म्हणून मला एक मार्ग खरा वाटतो, तालुक्यातल्या चार-पाच संस्थांनी मिळून एक प्रस्ताव करायचा. ज्या एका संस्थेचे कागद नीट आहेत तिच्या नावावर, बाकीच्यांनी कामाची वाटणी लेखी करून. हिशोबनीस एकच, पाच जणांत त्याचा पगार निघतो. गाडी एकच, सोमवारी खाडीपट्टा, मंगळवारी डोंगरावरच्या वाड्या. थेरपिस्टला पण पूर्ण वेळेचं काम आणि पोट भरेल इतका पगार मिळतो, म्हणजे ती मुंबईला पळत नाही. लाभार्थ्यांचा आकडा पण दिसण्यासारखा होतो. अडचण फक्त एक, पाच संस्थांचे पाच अध्यक्ष एका टेबलावर बसायला हवेत. जातीच्या, पक्षाच्या, जुन्या शाळेच्या जागेच्या वादाच्या गोष्टी निघतात, मी बघितलंय. पण २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं तेव्हा हेच लोक एकमेकांच्या गाड्यांत तांदूळ भरून फिरत होते, त्याआधी निसर्ग वादळात पण. आपत्तीत जमतं ते एरवी जमू शकत नाही हे मी मानायला तयार नाही. आणि आपत्तीतल्या पैशाचा पण तोच अनुभव आहे, पत्रे, वह्या, धान्य भरपूर आलं, पण ज्या दिव्यांग मुलाची सवयीची शाळा, सवयीची बाई तुटली त्याच्यासाठी वर्षभर माणूस ठेवायला मागितलं तर तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं होतं.

देणाऱ्यांनाही माझं एवढंच मागणं आहे की माणशी खर्च विचारता तेव्हा माणशी किलोमीटर पण विचारा. थेरपिस्टने वर्षात किती घरं किती वेळा गाठली हे विचारा, किती मुलं स्वतःच्या हाताने जेवायला लागली हे विचारा, व्हीलचेअर किती वाटल्या हे त्यानंतर. रिपोर्ट दर महिन्याला चाळीस फोटोंसकट मागू नका, त्या फोटोंतल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना पण काही मान आहे. आणि पहिल्या वर्षी ५ लाख देणार असाल तर पुढच्या दोन वर्षांचं पण आत्ताच लिहून द्या, नाहीतर शिक्षिका डिसेंबरपासूनच दुसरी नोकरी शोधायला लागते, तिचंही घर आहे.

चाकरमान्यांच्या मंडळांना वेगळं सांगायचंय. देवळाच्या जीर्णोद्धाराला तुम्ही घरटी पावती फाडता आणि लाखांनी जमवता, ते बघितलंय, अभिमान वाटतो. तसंच घरटी महिना ५० रुपये लावले आणि मुंबईत-गावात मिळून ४०० घरं असली तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात, म्हणजे वरच्या हिशोबातल्या एका शिक्षिकेचा पूर्ण पगार. कोणाच्या दारात न जाता. यंदा गणपतीला गावी याल तेव्हा आरतीनंतर मंडळाची मीटिंग होतेच, त्यात हे तीन विषय घ्या. पीटीआरचा उतारा वाचून दाखवा आणि त्यात कोणाची नावं बदलायची राहिलीत ते लिहून काढून बदल अर्जाला एक माणूस नेमा, जो मुंबईत असेल आणि खरंच ऑफिसात जाईल. गावात दिव्यांग किती, कोणत्या वाडीत, कोणाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालंय कोणाचं नाही याची यादी आशाताईंकडून करून घ्या. आणि ग्रामपंचायतीच्या ५ टक्क्यांचं गेल्या वर्षी काय झालं ते सरपंचांना तिथेच विचारा, भांडायला म्हणून नव्हे, यंदाच्या ग्रामसभेत अर्ज कसे द्यायचे ते ठरवायला. कागद तयार व्हायला चार-पाच महिने जातात, म्हणजे गणपतीत सुरुवात केलीत तर कंपन्यांचे फोन यायच्या वेळेला फाईल हातात असेल.